ताईत की क्रूस? चार भीषण कादंबऱ्यांच्या वाचनातून

गेल्या काही महिन्यांत इंग्रजीतील चार भीषण कादंबऱ्या प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आल्या. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) आणि स्टीफन किंग यांची ‘सेलम्स लॉट’ (१९७५) ही दोन नावे पुष्कळांच्या कानावर असतील. उरलेली दोन पुस्तके जुनी व थोडी आडबाजूची आहेत. एक जेम्स हॉग या स्कॉटिश लेखकाचे, १८२४ साली निनावी प्रसिद्ध झालेले. त्याच्या लांबलचक नावाचा मराठी आशय ‘नीतिमान ठरलेल्या एका पाप्याचे कबुलीजबाब’ असा होईल. दुसरे चार्ल्स रॉबर्ट मॅट्युरिन यांचे ‘मेलमॉथ द वाँडरर’ (१८२०). या वाङ्मयप्रकारास इंग्रजीत ‘गॉथिक’ म्हणतात आणि त्याचा आरंभ होरेस वॉलपोल यांच्या ‘कॅसल ऑफ ऑट्रँटो’ (१७६४) या लहानशा कादंबरीपासून मानतात. पडके किल्ले, तळघरे, मठ, शापित घराणी, अपरात्र ही त्याची ठरलेली सामग्री. सामग्री स्वस्त आहे आणि तिच्यावर उभारलेली बहुतेक पुस्तकेही स्वस्तच आहेत. ही चार मात्र तशी नाहीत.

पाळकांनी व धर्मशिक्षकांनी असल्या पुस्तकांत वेळ का घालवावा, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर आपल्या रोजच्या कामातच आहे. ‘घरात काही बाधा आहे, एक क्रूस द्या,’ ‘मुलाच्या उशाखाली शास्त्र ठेवले तर चालेल का,’ ‘तेल मंत्रून द्याल का,’ असे विचारणारे कोणी ना कोणी प्रत्येक मंडळीत असतेच. आपण घाईने काहीतरी उत्तर देतो. कोणी ‘हे अज्ञान आहे’ म्हणून झिडकारतो, तर कोणी क्रूस देऊन मोकळा होतो. पवित्र वस्तूच्या ठायी सामर्थ्य असते की नसते, असल्यास ते कोणाचे, आणि ती वस्तू हाती धरणाऱ्याच्या अंतःकरणाशी त्याचा संबंध काय, हा प्रश्न आपण पुरता सोडवलेला नसतो. नवल असे की, या कादंबऱ्या नेमक्या याच प्रश्नाभोवती फिरतात. आणि त्यांतील काहींनी तो आपल्यापेक्षा अधिक धीराने हाताळला आहे.

‘ड्रॅक्युला’ची कथा सांगत बसण्याचे कारण नाही. ट्रान्सिल्व्हानियातील एक सरदार मेल्यावरही जिवंत माणसांच्या रक्तावर जगतो, इंग्लंडात येतो आणि अखेर मारला जातो, एवढी तर ऐकूनही ठाऊक असते. मात्र चित्रपटांनी या पुस्तकाची जी ओळख करून दिली ती अपुरी आहे. रोजनिशी, पत्रे, तारा, वृत्तपत्रांची कात्रणे अशा कागदपत्रांतून ते उलगडते, आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात आपला प्रश्न उभा राहतो. जोनाथन हार्कर हा तरुण इंग्रज वकील ड्रॅक्युलाच्या किल्ल्याकडे निघतो, तेव्हा वाटेतील खाणावळीची म्हातारी मालकीण त्याच्या गळ्यात क्रूस असलेली जपमाळ घालते. हार्कर अँग्लिकन. असल्या वस्तूंत मूर्तिपूजेचा अंश आहे हे बाळपणापासून शिकलेला. पण म्हातारीचे मन मोडवत नाही म्हणून तो माळ ठेवून घेतो. पुढे तीच माळ त्याला वाचवते. दाढी करताना रक्त निघते, ड्रॅक्युला त्याच्या गळ्यावर झडप घालतो आणि माळेला हात लागताच मागे सरतो. त्यानंतर हार्कर आपल्या रोजनिशीत स्वतःलाच विचारतो की, हे सामर्थ्य त्या वस्तूच्याच ठायी आहे, की आपल्याविषयी कोणाला तरी वाटलेल्या करुणेची आठवण ती वस्तू आपल्यापर्यंत पोहोचवते? याचा पुढे विचार केला पाहिजे, असे तो म्हणतो. आमच्या मते सबंध पुस्तकातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. दुर्दैवाने स्टोकर यांनी पुढे त्याचा विचार केलाच नाही.

त्यांनी केले ते असे. व्हॅन हेल्सिंग हा डच वैद्य या लढ्याचा पुढारी होतो. तो अ‍ॅमस्टरडॅमहून प्रभुभोजनाची अर्पित भाकर, म्हणजे ओस्ती, बरोबर आणतो, ती चुरून कणकेसारख्या लगद्यात मळतो आणि त्या लगद्याने थडग्याच्या दाराच्या फटी बुजवतो. बरोबरीचे लोक हादरतात, तेव्हा तो सांगतो की आपणाजवळ इंडल्जन्स आहे. रोमन कॅथॉलिक शिक्षणाप्रमाणे इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापाच्या ऐहिक दंडातून मिळणारी सूट. पवित्र भाकरीचा लगदा करण्याचा तो परवाना नव्हे, आणि तसा परवाना कोणी देऊही शकत नाही. स्टोकर डब्लिनच्या प्रोटेस्टंट घरात वाढले होते. कॅथॉलिक विधी त्यांनी रंगभूमीवरचे सामान पाहावे तसे पाहिले असावेत. पुढे ड्रॅक्युलाने इंग्लंडात आणलेल्या ५० मातीच्या पेट्यांपैकी एक सोडून बाकीच्यांत ओस्तीचा एकेक तुकडा टाकून त्या निकामी केल्या जातात. शेतकरी बिळाबिळांतून उंदरांचे औषध टाकत जातो, त्यासारखाच हा प्रकार. येथे प्रभूचे शरीर औषधाची पुडी झाले आहे. या लढ्यात पाळक वा धर्मगुरू असा एकही नाही, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. वैद्य आहेत, वकील आहे, सरदार आहे, बंदूकधारी अमेरिकन आहे. पवित्र वस्तू आहेत, पण त्या ज्या मंडळीच्या आहेत ती मंडळी नाही.

तरीही पुस्तक टाकाऊ ठरत नाही. त्याची बाजू सावरते ती मीना, हार्करची पत्नी. ड्रॅक्युला तिला आपल्या छातीतील रक्त बळेच पाजतो. हा प्रभुभोजनाचा उघड विपर्यास आहे, आणि स्टोकर यांना तो कळत होता. वेड्यांच्या इस्पितळात माशा व कोळी खाणारा रेनफील्ड हा रक्त व जीवन यांविषयीचे शास्त्रवचन तोंडी घोळवीत असतो. ते वचन अनुवाद १२:२३ मधले आहे आणि मूळ ठिकाणी ते रक्त खाण्यास मनाई करण्यासाठी आले आहे. मनाईचीच परवानगी करून घेणे ही सैतानाची जुनी रीत. अरण्यातील परीक्षेत त्याने स्तोत्राचे असेच केले होते. उपदेशकांनी हा एक प्रसंग तरी अवश्य वाचावा. पुढे मीनाच्या कपाळाला ओस्ती टेकवताच डाग पडतो आणि ती स्वतःला अशुद्ध म्हणून आक्रोश करते. पण ज्याने तिला डागले त्याच्याविषयी मीनाच पुरुषांजवळ दयेची याचना करते. सगळ्यांत करुण अवस्था त्याच्याच आत्म्याची आहे. त्याचा नाश करताना त्याच्यातील बऱ्या भागाच्या सुटकेचा आनंद धरा, असे तिचे म्हणणे. लगदा मळणाऱ्या व्हॅन हेल्सिंगपाशी जे नाही ते या बाईपाशी आहे. आणि अखेरीस ड्रॅक्युलाचा चेहरा क्षणभर शांत झालेला तिलाच दिसतो.

‘सेलम्स लॉट’ या पुस्तकाने ‘ड्रॅक्युला’चेच कथासूत्र अमेरिकेतील मेन राज्यातल्या एका लहानशा गावात आणले आहे. ते फार लांबले आहे, आणि गावकऱ्यांच्या भानगडींची काही पाने गाळली असती तर बिघडले नसते. पण त्यात फादर कॅलाहन आहे. हा दारूच्या आहारी गेलेला धर्मगुरू चांगला वाचलेला, विचार करणारा आहे, आणि त्याचे दुखणे विलक्षण आहे. त्याला मोठा शत्रू हवा आहे. कबुलीच्या खोलीत रोज कानी पडणारी तीच ती किरकोळ, कंटाळवाणी पापे ऐकून तो शिणला आहे. एकदा तरी खऱ्या, उघड, भव्य दुष्टाशी समोरासमोर झुंज व्हावी, असे त्याला वाटते. हे वाचताना आपल्यापैकी कित्येकांस चुकचुकल्यासारखे होईल.

मग तो शत्रू येतो. एका घराच्या स्वयंपाकघरात पिशाच बारलो एका मुलाला धरून उभा आहे आणि कॅलाहनच्या हातातील क्रूसातून प्रकाश निघतो आहे. बारलो करार सुचवतो: मी मुलाला सोडतो, तू क्रूस बाजूला टाक, आणि माझा विश्वास व तुझा विश्वास यांचा सामना होऊ दे. कॅलाहन कबूल होतो. मूल सुटते. पण आता क्रूस टाकण्याचा त्याला धीर होत नाही. तो क्रूस घट्ट धरतो, आणि धरता धरताच त्यातला प्रकाश विझत जातो. पिशाच तो त्याच्या हातून घेऊन मोडून टाकते. क्रूस फेकला असतास तर तू जिंकला असतास, हेही त्याला पिशाचाकडूनच ऐकावे लागते. नंतर बारलो त्याला आपले रक्त पाजतो. रात्री कॅलाहन आपल्याच मंदिराच्या दाराला हात लावतो, तो हात भाजून निघतो, आणि तो बसमध्ये बसून गाव सोडून जातो. मीनासारखाच तोही डागला गेला. पण मीनाभोवती माणसे होती, याच्याभोवती कोणी नाही.

स्टोकरच्या लगद्यापेक्षा हा प्रसंग शास्त्राच्या कितीतरी जवळ आहे. एली याजकाच्या दिवसांत इस्राएलांनी कराराचा कोश रणांगणावर नेला तो असाच. कोश आहे म्हणजे देव आहे असे त्यांनी धरून चालले, आणि पलिष्ट्यांनी कोशच पळवला (१ शमुवेल ४). स्कीवाच्या सात पुत्रांनी येशूचे नाव मंत्रासारखे उच्चारले, तेव्हा दुष्टात्म्याने त्यांचे कपडे फाडून त्यांना घराबाहेर पिटाळले (प्रेषितांची कृत्ये १९). कॅलाहन हा त्यांचाच भाऊबंद होय.

तथापि किंग यांच्या उत्तरालाही एक मोठी खोट आहे. त्यांच्या कथेत एक डॉक्टर व एक लेखक घसा तपासण्याच्या लाकडी पट्ट्यांना चिकटपट्टी लावून क्रूस बनवतात आणि तोही उजळतो. हा भाग वाचावयास मजेचा आहे. परंतु याचा अर्थ सामर्थ्य वस्तूत नाही, तसे देवाकडूनही येत नाही; ते माणसाच्या विश्वासाच्या मात्रेत आहे, आणि क्रूस हा केवळ ती मात्रा दाखवणारा दिवा. म्हणजे ताईत गळ्यातून निघाला, पण काळजात जाऊन बसला. शुभवर्तमान असे सांगत नाही. मार्क ९ मधील तो बाप आठवावा. त्याचा विश्वास अर्धामुर्धा होता, आणि तसे त्याने येशूपुढे रडत कबूलही केले. त्याचा मुलगा बरा झाला. किंग यांच्या नियमाने तो मुलगा वाचला नसता. कॅलाहनने त्या स्वयंपाकघरात एवढीच कबुली दिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न कादंबरीला सुचतच नाही. तिच्यात कॅलाहनपुढे दोनच वाटा आहेत, जिंकणे किंवा हरणे. तिसरी, मागण्याची वाट नाही.

येथे मराठीचा उल्लेख करणे भाग आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ ही ‘सेलम्स लॉट’वरच बेतलेली, आणि धारपांची पुस्तके महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचनालयांतही हातोहात फिरत आली आहेत. आपल्या मंडळ्यांतील तरुणांनीही ती वाचली आहेत, मग त्यांनी आपल्याला सांगितले असो वा नसो. धारपांच्या ‘समर्थ’ कथांत अशुभाशी झुंजणारा पुरुष आपल्या साधनेच्या बळावर उभा असतो. ते बळ तो कमावतो आणि कमावले तेवढेच वापरतो. कथा म्हणून ती पकड घेते. पण याच कथांवर पोसलेला तरुण पाळकाकडे येतो तेव्हा पाळकालाही तो साधकच समजतो आणि त्याचे ‘बळ’ किती, याचा अंदाज घेतो. पाळकाने तो अंदाज खरा करून दाखवण्याच्या मोहात पडू नये, एवढे कॅलाहनच्या उदाहरणावरून सुचते.

आता हॉग. हे पुस्तक चौघांत श्रेष्ठ, असे आमचे मत आहे. हॉग मूळचा मेंढपाळ. त्याचे शिक्षण बहुतेक स्वतःचे स्वतः झालेले. त्याची ही कादंबरी शंभर वर्षे जवळजवळ विस्मरणात पडली होती आणि १९४७ साली आंद्रे जीद यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा निघाली, तेव्हापासून तिची किंमत लोकांना कळू लागली. हिच्यात क्रूस नाही, ओस्ती नाही, रक्तपिपासू पिशाच नाही. रॉबर्ट रिंगिम हा कडव्या घरात वाढलेला तरुण आहे. त्याला त्याचा पालक, जो स्वतः धर्मोपदेशक आहे, एके दिवशी सांगतो की तू निवडलेल्यांपैकी आहेस व ही निवड आता कशानेही ढळणार नाही. आनंदाने रॉबर्ट रानात धावत सुटतो. आणि त्याच दिवशी, त्याच रानात, त्याला एक अनोळखी तरुण भेटतो. तो हुबेहूब रॉबर्टसारखाच दिसतो.

गिल-मार्टिन हे त्याने सांगितलेले नाव. तो ज्याच्याकडे निरखून पाहतो त्याचे रूप घेतो, आणि रूपाबरोबर त्याचे विचारही. तो कधी शिवी देत नाही की शास्त्राची टिंगल करीत नाही. उलट तो सिद्धांत रॉबर्टहूनही अधिक काटेकोरपणे मांडतो. निवडलेल्याचे तारण कोणत्याही कृत्याने जाणार नसेल, तर प्रभूच्या शत्रूंना मारण्यास निवडलेल्याने का कचरावे? पहिला बळी जातो तो ब्लँचर्ड नावाचा एक सज्जन उपदेशक. त्याने रॉबर्टला या मित्रापासून सावध केले होते. मग रॉबर्टचा भाऊ. एवढे होऊनही हा मित्र कोण ते रॉबर्टला कळत नाही. रशियाचा झार पीटर वेष पालटून फिरत असावा, असा तर्क तो करतो! भयाच्या मध्यभागी असे हसू आणणे हॉगलाच साधले आहे. गिल-मार्टिनजवळ एक ग्रंथ असतो, बायबलासारखेच रकाने व ओळी असलेला, पण अनोळखी भाषेतला. आणि प्रार्थनेची गोष्ट निघाली की तो अंग काढून घेतो. खुणा सर्व समोर आहेत. रॉबर्टला त्या दिसत नाहीत, कारण बोलणे ओळखीचे आहे.

हॉगने पूर्वनिवडीच्या सिद्धांतावरच हल्ला केला असे काही टीकाकार मानतात. आम्हांस ते पटत नाही. ब्लँचर्डही उपदेशकच आहे, आणि त्याचे बोलणे मवाळ पण खंबीर आहे. हॉगचा रोख सिद्धांतावर नाही, तो सिद्धांत स्वतःच्या खात्यावर जमा करून त्यावर व्याज खाणाऱ्यावर आहे. पुस्तकात एक नोकर ऑख्टरमुख्टी गावची गोष्ट सांगतो. त्या गावचे लोक अतिशय धार्मिक, प्रवचनाचे चोखंदळ. एकदा एक अनोळखी उपदेशक येऊन यहेज्केलातील उताऱ्यावर असे प्रवचन करतो की सारा गाव थरथरतो, रडतो, त्याच्यामागे वेडा होतो. रॉबिन रुथव्हेन नावाच्या एका म्हाताऱ्याला मात्र संशय येतो. तो गर्दीतून पुढे होतो आणि उपदेशकाच्या झग्याची कड उचलतो. खाली दुभंगलेले खूर. तेव्हापासून, नोकर म्हणतो, त्या गावच्या माणसाला प्रवचन पटवणे कठीण; प्रत्येक वाक्याखाली त्याला खूर डोकावताना दिसतो. म्हणजे ढोंग उघडे पडले, पण खऱ्या उपदेशकाचेही काम अवघड होऊन बसले. ज्यांना व्यासपीठावर उभे राहावे लागते त्यांच्यासाठी याहून अस्वस्थ करणारी गोष्ट या सगळ्या वाङ्मयात आमच्या पाहण्यात नाही. आणि लक्षात घ्यावे, प्रवचनात दोष नव्हता. उतारा बरोबर होता, रडणारेही खरे रडत होते.

मॅट्युरिन हे स्वतः पाळक. डब्लिनच्या सेंट पीटर्स मंदिरात ते सहायक होते आणि पगार पुरत नाही म्हणून कादंबऱ्या लिहीत. ‘मेलमॉथ’ची कल्पना आपल्याच एका प्रवचनातून सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे: जगातील सर्व काही मिळाले तरी तारणाची आशा विकून टाकील असा एकही माणूस आहे काय? कोणीच नाही, असे त्यांचे उत्तर. मेलमॉथने तो सौदा केला आहे. त्याला १५० वर्षांचे जादा आयुष्य मिळाले, आणि त्या अवधीत सौदा स्वीकारणारा दुसरा कोणी मिळाला तरच तो सुटेल. म्हणून तो कारागृहांत, वेड्यांच्या इस्पितळांत, उपासमारीच्या घरांत जाऊन परम दुःखात पडलेल्यांना गाठतो. एकजातसारे नकार देतात. पुस्तक गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी गोष्ट असे विस्कळीत आहे. शिवाय मठ व इन्क्विझिशन यांची वर्णने कॅथॉलिक मंडळीविषयीच्या आकसाने काळवंडली आहेत. १८२४ साली त्यांनी रोमन मंडळीच्या तथाकथित चुकांवर पाच प्रवचनेही छापली. हा भाग आज वाचताना बाजूला ठेवावा लागतो.

बाल्झाक यांनी १८३५ साली या कादंबरीला एक खोडकर पुरवणी जोडली. तीत मेलमॉथ पॅरिसला जातो आणि सौदा चटकन खपतो. पुढे तर तो शेअरबाजारात हातोहात, उतरत्या भावाने विकला जातो. बाल्झाक यांचे माणसाविषयीचे ज्ञान अधिक खरे असेल. पण मॅट्युरिन यांनी आपला दाखला सुखी माणसांवरून घेतला नव्हता, हे विसरता कामा नये. त्यांच्या मते तारणाची आशा विकत नाहीत ते लोक, ज्यांच्याजवळ विकण्यासारखे दुसरे काही उरलेले नाही. सर्वस्व गेलेल्यांच्या घरी जे भेटीस जातात त्यांना हे अनुभवाने पारखता येईल.

सबंध ‘मेलमॉथ’ वाचण्यास ज्यांना सवड नाही त्यांनी वाल्बर्ग कुटुंबाची हकीकत तेवढी वाचावी. हे प्रोटेस्टंट कुटुंब जर्मनीहून स्पेनात येते, वारसा बुडतो आणि उपासमार सुरू होते. एके दिवशी थोरला मुलगा एव्हरहार्ड घरी पैसे आणतो. ते कोठून आले हे कोणाला कळत नाही. रात्री त्याच्या दंडाची पट्टी सुटते, अंथरूण भिजते, तेव्हा उलगडा होतो की त्याने शस्त्रवैद्याला आपले रक्त विकले आहे.